जीतोची सुई

बीजी,

काल तुमचा भोग झाला, आमच्याकडच्या तेराव्यासारखा. पाठ संपला, लंगर झाला, माणसं जेवून गेली. सगळे तुमच्याबद्दल चांगलंच बोलले. रावळपिंडीकडून लहानपणी आलात, कष्ट केलेत, घर उभं केलंत. तुमचा मुलगा माझ्याकडे वळून म्हणाला, "भाभीजी, आप भी दो शब्द कहिए. आप तो सबसे नजदीक थीं." मी पदर सारखा केला आणि सतरंजीकडे बघत राहिले. तुम्ही असतात तर मला कोपर मारलं असतंत.

म्हणून आता घरी बसून लिहिते आहे. ही तीच वही आहे, ज्यात आपण नावं लिहिली. मागची पानं कोरी होती. माझं शिक्षण चौथीपर्यंत. पण तुम्ही सगळ्या तेलीबाग कॉलनीत सांगायचात, "मेरी मराठन चार जमात पढी है," जणू मी कोर्टात जज्ज आहे. तुम्हाला स्वतःला एक अक्षर येत नव्हतं. मी मराठीत वाण्याची यादी लिहायला लागले की तुम्ही वाकून बघायचात आणि म्हणायचात, "हिंदी जैसी ही है, बस कहना नहीं मानती." तेव्हा मी इथे काय लिहिते आहे ते तुम्हाला तेव्हाही कळलं नसतं, आताही कळणार नाही. त्यामुळे मला थोडा धीर येतो.

पहिल्या दिवसापासून सांगते. दहा वर्षं झाली. यांची बदली लखनौच्या संशोधन संस्थेत झाली, तिथल्या गाड्यांवर ड्रायव्हर म्हणून, आणि आम्ही साताऱ्याकडून इथे आलो. मला हिंदी धड येत नव्हती. तिसऱ्या दिवशी विरजणासाठी वाटी घेऊन तुमच्या दारात आले. आत रेडिओ चालू होता, कुकरची शिट्टी झाली, एक लहान मूल हसत होतं. मी दार वाजवलं आणि सगळं थांबलं. रेडिओ बंद झाला. मुलाचं हसणं मधेच तुटलं. मी वाटी घेऊन उभी राहिले. कुणी आलं नाही. मला वाटलं, यांना परके लोक आवडत नसतील. मी परत आले आणि यांना सांगितलं की शेजार काही खरा नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतः आलात, दह्याचं भांडं भरून घेऊन.

"कल तू थी?"

मी मान हलवली.

"हमारे यहाँ दरवाजा मत ठोका कर. आवाज दिया कर."

"काय... क्या आवाज?"

"अपना नाम, और क्या."

गल्लीत उभं राहून स्वतःचं नाव ओरडायचं, या कल्पनेनेच माझे कान तापले. ते तुमच्या लक्षात आलं. तुम्ही हसलात आणि म्हणालात, "चल, तू बोल, मराठन आई है. इतना तो बोल लेगी?"

तेव्हापासून मी तुमच्या फाटकाशी उभी राहून तेवढं म्हणायची. माझं खरं नाव तुमच्या घरात कुणाला माहीत असेल असं वाटत नाही.

दार न वाजवण्याचं कारण मला कळायला सहा वर्षं लागली. पण त्याचा परिणाम रोज दिसत होता. गॅसवाल्याने, पोस्टमनने, कुणीही दार वाजवलं की तुमच्या सूनबाई, मिंदर भाभी, हातातलं लाटणं तसंच धरून उभ्या राहायच्या. त्या लुधियान्याच्या, फाळणीनंतर जन्मलेल्या, त्यांनी काहीच पाहिलेलं नव्हतं. तरी तुमच्या घरात येऊन त्या तसं थांबायला शिकल्या होत्या. आणि सिम्मी. तुमची नात. बाहुली जिथे असेल तिथे टाकायची, आणि गव्हाच्या पत्र्याच्या कोठीमागे जाऊन गुडघ्यात हनुवटी घालून बसायची. तिला कुणी सांगितलं नव्हतं. चौऱ्याऐंशी साली शिखांवर हल्ले झाले, ती वर्षाची होती, तेव्हा त्याच कोठीमागे तुम्ही तिला तोंडावर हात ठेवून धरलं होतंत, हे भाभींनी मला नंतर सांगितलं. पण वर्षाच्या मुलाला काय आठवणार? तरी तिचं अंग आठवत होतं.

मग ब्याण्णवचा तो डिसेंबर आला, अयोध्येत मशीद पडली आणि शहरात कर्फ्यू लागला. सिम्मी नऊ वर्षांची होती. तिची झोप उडाली. दिवसासुद्धा ती तुमच्या ओढणीचं टोक मुठीत धरून फिरायची. मी तुम्हाला म्हटलं, आमच्याकडे मूल दचकायला लागलं की त्याला आजीच्या जुन्या कपड्यांची गोधडी शिवतात. जुन्या कपड्यांचा वास येतो, मुलाला ऊब वाटते. तुम्ही म्हणालात, "तो बना. बातें क्या कर रही है."

कर्फ्यू उठल्यावर तुम्ही दोन दिवस आलमबागला नात्यात गेलात. मिंदर भाभींनी तुमच्या ट्रंकेतून जुने कपडे काढून दिले. त्यात खाली एक जाड्या खादीची चौकोनी घडी होती. विटक्या लालसर रंगाची. चारही कडा मोठे टाके घालून बंद केलेल्या. वरून बघितलं तर कापडभर बारीक बारीक ठिपके, कुठे पिवळे, कुठे नारिंगी. मला वाटलं, कुणीतरी रफू करून करून वापरलेलं जुनं पांघरूण आहे. आमच्याकडे असं कापड गोधडीत मधल्या थराला घालतात, कारण त्याने गोधडी भरदार होते. भाभीही म्हणाल्या, "होगा कोई पुराना खेस." मी ती घडी न उसवता तशीच मधे ठेवली, वर तुमच्या सलवारी, खाली चादर, आणि कडेने धावदोरा घालायला सुरुवात केली.

तुम्ही परत आलात तेव्हा मी तुमच्याच व्हरांड्यात बसून शिवत होते. भात चढवायचा म्हणून सुई गोधडीत टोचून उठले. तुम्ही म्हणालात, "सुई छोड के जा रही है? लौटेगी न?"

मी हसले. म्हटलं, भात लावून येते, जाते कुठे.

तुम्ही म्हणालात, तुमच्या माहेरी नियम होता. परत येऊन काम करायचं असेल तरच सुई कापडात ठेवायची. नाहीतर धागा तोडून सुई काढायची. मला ते बायकांच्या शंभर नियमांपैकी एक वाटलं.

गोधडी कडेकडून आत शिवत जातात. पाचव्या दिवशी मी मधल्या घडीपर्यंत आले. माझी सुई एका जागी अडली. दाबली तर मोडली. दुसरी घेतली, तीही वाकली. आत काहीतरी कडक होतं. मी थर चिमटीत धरून चाचपलं, जरा उसवलं आणि आतून एक गंजलेली सुई ओढून काढली. तिच्या नेढ्यात रेशमी नारिंगी धागा होता. आत कापडाला तो अजून लागलेला होता, ओढल्यावर ताणला आणि तुटला.

मी ती सुई तळहातावर घेऊन तुमच्याकडे आले, जशी लहान मुलं सापडलेली वस्तू दाखवायला येतात. म्हटलं, "बीजी, देखिए, आपके कपडे में क्या रह गया था."

तुम्ही वाटाणे सोलत होतात. तुम्ही सुईकडे बघितलंत, मग माझ्याकडे, मग गोधडीकडे. परात मांडीवरून घसरली. तुम्ही रागावला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही फक्त विचारलंत, "कितने टाँके लगा दिए?"

त्या दुपारी तुम्ही मला जे सांगितलंत ते तुमच्या मुलालाही ठाऊक नव्हतं. भाभी आणि सिम्मी घरात नव्हत्या. मी माझ्या शब्दांत लिहिते, चुकलं तर माफ करा.

ते रफू केलेलं खेस नव्हतं. ती फुलकारी होती, तुमच्या बहिणीची, जीतोची. तिच्या लग्नासाठी तुमच्या आजीने सुरू केलेली, मग जीतो स्वतः भरत होती. फुलकारी उलट्या बाजूने, धागे मोजून भरतात. मागे नुसते ठिपके पडतात आणि फुलं पुढच्या बाजूला उमटतात. म्हणून मला ठिपके दिसले. फुलं घडीच्या आत होती. सत्तेचाळीस सालच्या मार्च महिन्यात तुमच्या गावाला चारी बाजूंनी वेढा पडला. तुम्ही अकरा वर्षांच्या, जीतो सतराची. तिसऱ्या दिवशी कुणीतरी तुमचं दार ठोकलं. जीतो ओसरीवर भरत बसली होती. तिने सुई कापडात टोचली, कापड तुमच्या हातात दिलं, म्हणाली, "हे धर, मी बघून येते," आणि तुम्हाला धान्याच्या कोठीत बसायला सांगितलं. दार ठोकणारे परके नव्हते. तुमचे चाचा होते. गल्लीतल्या बायकांना विहिरीवर घेऊन जायला आले होते, इज्जत वाचवायची म्हणून. तुम्ही कोठीत कापड तोंडात धरून बसलात. जीतोने तुम्ही तिथे आहात हे सांगितलं नाही. ती परत आली नाही.

इतकंच. मग तुम्ही वाटाणे वेचायला लागलात. मी पण वेचायला लागले.

दुसऱ्या दिवशी आपण गोधडी उसवली. तुम्ही कात्री मला धरू दिली नाहीत. एकेक टाका स्वतः कापलात. मग ती घडी उघडलीत, आणि माझ्यासारख्या बाईला, जिने आयुष्यात फक्त चिंध्या जोडल्या, काय दिसलं ते कसं सांगू. सगळं कापड सोनेरी पिवळ्या रेशमाने भरलेलं, आतला रंग कालच भरल्यासारखा. एक कोपरा तेवढा रिकामा. आणि मधे चार-पाच जागी माझ्या जाड पांढऱ्या दोऱ्याने रेशीम फाटलेलं. मला रडू आवरेना.

तुम्ही म्हणालात, "रो मत. पैंतालीस साल में पहली बार इसमें किसी की सुई चली है."

गोधडीतला मधला थर गेला होता. मी माझ्या आईचं लुगडं आणलं, जे मी कुणालाच दाखवत नसे, आणि त्या जागी घातलं. तुम्ही नाही म्हणत होतात. मी ऐकलं नाही. तेवढी एक गोष्ट तरी माझ्याकडून व्हायला हवी होती.

मग तुम्ही ठरवलंत की कोपरा भरायचा. धागा कुठून आणायचा? असं न पिळलेलं रेशीम, ज्याला पट म्हणतात, तेलीबागेत कुठे मिळणार. जुन्या शहरातल्या चौक बाजारात चिकनच्या भरतकामाचे धागे विकणारे आहेत, पण लखनौमध्ये इतकी वर्षं राहून तुम्ही चौकात पाऊल टाकलं नव्हतं. मी कारण विचारलं नाही. तिकडची दुकानं कुणाची आहेत ते मला माहीत होतं, आणि तुमच्या गावाला वेढा कुणी घातला होता तेही आता माहीत होतं. एका मंगळवारी तुम्ही स्वतःच चप्पल घालून माझ्या फाटकाशी आलात. "चल. तू बोलना, मैं नहीं बोलूँगी." मला हसू आलं. तुमच्या तर्फे बोलायला तुम्ही लखनौमधली सगळ्यात मुकी बाई निवडली होती.

दुकानात एक म्हातारे मियाँ बसले होते. मी जुन्या धाग्याचा तुकडा पुढे केला. त्यांनी तो उन्हात धरला, बोटांत चोळला, म्हणाले, "रंग को जमाना खा गया, सूत अभी जवान है. ये तो पट है. इधर का काम नहीं. कहाँ का है?"

मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही ओढणी डोक्यावर सारखी केलीत. मग म्हणालात, "पिंडी के पास का."

ते थांबले. त्यांनी तुमच्याकडे नीट बघितलं, मग मान खाली घालून गठ्ठे शोधायला लागले. शोधता शोधता म्हणाले, "हमारी एक बहन उधर चली गई थी, सैंतालीस में. दो-चार खत आए, फिर वो भी बंद." त्यांनी तीन नारिंगी रंग काढून ठेवले. तुम्ही दुसरा उचललात. ते म्हणाले, "नहीं बहन, ये वाला. पुराने के साथ बैठेगा." तुम्ही दोन्ही उन्हात धरलेत आणि त्यांनी सांगितलेला घेतलात. निघताना ते म्हणाले, "पूरा हो जाए तो एक नजर दिखा जाइएगा."

परतीच्या टेम्पोत तुम्ही माझा हात धरून बसला होतात. तेलीबाग आल्यावर म्हणालात, "आदमी को रंग की पहचान है." तुमच्याकडून ही फार मोठी गोष्ट होती.

मग या वहीत नावं लिहिली. तुमच्या घरातल्या आणि गल्लीतल्या, त्या दिवशी विहिरीवर नेलेल्या अकरा जणी. तुम्ही सांगत गेलात, मी मराठीत लिहीत गेले. प्रत्येक नावाला एक फूल ठरलं. एकीला कापूस वेचायला आवडायचं, तिला कापसाचं बोंड. एक फार भांडखोर होती, तिला मिरचीचं. तुम्ही हसत होतात आणि डोळेही पुसत होतात. रोज दुपारी व्हरांड्यात आपण बसायचो, तुम्ही उलट्या बाजूने धागे मोजायचात आणि सिम्मी शाळेतून येऊन तुमच्या गुडघ्याला टेकून बसायची. तिने विचारलं, तुम्ही सांगितलंत. सगळं नाही, पण खोटंही नाही.

मिंदर भाभींना ते आवडलं नाही. एकदा त्या स्वयंपाकघरातूनच म्हणाल्या, "मम्मीजी, बच्ची को क्यों डराते हो?"

तुम्ही धागा दातांनी तोडलात आणि म्हणालात, "डरी हुई तो वो पहले से है, पुत्तर. मैं तो बस बता रही हूँ किस बात से."

भाभी थोड्या वेळाने चहा घेऊन आल्या आणि तिथेच बसल्या. त्या दिवसानंतर त्याही धागे मोजायला शिकल्या.

सिम्मी एकदम बदलली असं मी म्हणणार नाही. दार वाजलं की ती अजून दचकायची. पण आता तुमच्याकडे बघायची, आणि तुम्ही बोटाने धागे मोजत मोठ्याने म्हणायचात, "तीन, चार, पाँच, कौन है भाई, छह, सात." तुमचा आवाज थांबत नाही हे बघून तीही थांबेनाशी झाली. कोठीमागे जाणं कधी बंद झालं ते आम्हाला नक्की सांगता येणार नाही. एक दिवस भाभींनी कोठी हलवून तिथे शिलाई मशीन ठेवलं, आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही.

आता हॉलमधली गोष्ट. ती लिहिताना माझी पाठ आपोआप ताठ होते.

दरवर्षी मार्चमध्ये तुमच्या पिंडीकडच्या भागातले लोक कॉलनीच्या हॉलमध्ये जमतात आणि गेलेल्यांची आठवण काढतात. दरवर्षी कुणीतरी भाषण करतो की आमच्या लेकीबाळी हसत हसत विहिरीत उतरल्या. तुम्ही दरवर्षी मागच्या रांगेत बसून यायचात. त्या वर्षी तुम्ही मला बरोबर नेलंत. मला वाटलं पिशवी धरायला. पिशवीत फुलकारी होती. भाषण संपल्यावर तुम्ही उभ्या राहिलात. एक टोक माझ्या हातात दिलंत, एक सिम्मीच्या, आणि कापड उलगडलंत.

"मेरी जीतो हँसते हँसते नहीं गई," तुम्ही म्हणालात. "मेरी जीतो सुई कपडे में छोड के गई थी. जिसने मरना हो वो धागा तोडती है. जिसने लौटना हो वो सुई छोड के जाती है. वो जीना चाहती थी. कमजोर नहीं थी. जीना चाहती थी. इतना तो उसका उसके पास रहने दो."

हॉलमध्ये दोनशे माणसं असतील. पंख्यांचा आवाज येत होता. पुढच्या रांगेतले एक वयस्क सरदारजी उठले. "बहनजी, शहीदों की बात ऐसे नहीं करते. ये कपडा क्या गवाही देगा?"

"तुसी वेख्या सी?" तुम्ही विचारलंत. तुम्ही पाहिलं होतंत का? "आप तो तब यहीं लखनऊ में कपडे की दुकान पे बैठे थे."

मागे कुणीतरी हसलं. ते चिडले. म्हणाले, सुई कुठे आहे, कुणी पाहिली? आणि तुमचं कोपर माझ्या बरगडीत बसलं.

बीजी, मी गावच्या शाळेत कविता म्हणायलाही उठले नव्हते. लग्नात उखाणा घेताना रडले होते. पण मी बोलले. माझा आवाज मला परका वाटला.

"सुई मैंने निकाली है," मी म्हटलं. "धागा लगा हुआ था."

सरदारजी हळूच खाली बसले. पुढच्या बाजूला एक म्हातारी होती, काठीवर हनुवटी टेकून बसलेली. आपल्या वहीची गोष्ट तिच्या कानावर आली असावी. तिने वळून विचारलं, "वो कॉपी तेरे पास है? जिसमें नाम लिखे हैं?" मी हो म्हटलं. "मेरी माँ का नाम लिख ले." मग दुसरी बोलली. तुम्ही मला खुर्चीवर बसवलंत, कुणीतरी पेन दिलं, आणि मी सहा पानं लिहिली. ती नावं या वहीत आहेत. त्यानंतर दर गुरुवारी तुमचा व्हरांडा भरायला लागला. कुणाला फुलकारी येत होती, कुणाला नव्हती, एकीने तर माझ्याकडून गोधडीचा धावदोरा शिकून घेतला. कुणी रडायचं, कुणी सुनांच्या तक्रारी करायचं. चहा मिंदर भाभींचा. मला कुणी विचारलं की तू आयुष्यात काय केलंस, तर मी सांगेन की मी त्या कापडाचं एक टोक धरलं होतं.

तरी आपलं भांडण झालंच. ते अजून मिटलेलं नाही, म्हणून लिहिते.

गेल्या वर्षी दहा फुलं पूर्ण झाली. जीतोचं तेवढं राहिलं. मी म्हटलं, आता तिचं करा. तुम्ही म्हणालात, "जिस दिन जीतो का फूल पूरा, उस दिन काम खतम. फिर ये मेरे ऊपर डाल देना. मेरे साथ जल जाए. सिम्मी के सिर पे ये बोझ क्यों रखूँ." तुम्ही तसं मुलालाही सांगून ठेवलंत.

मी फक्त "नहीं, बीजी" म्हटलं आणि घरी आले. आठ दिवस फाटकाशी आले नाही. तुम्हीही हाक मारली नाहीत. मला जे म्हणायचं होतं ते जिभेवर आलं नाही, ते आज लिहिते. सिम्मी जेव्हा कोठीमागे बसायची तेव्हा तिच्या हातात फुलकारी नव्हती. तरी ओझं होतंच. तुम्ही तिला ओझं दिलं नाहीत, ते धरायचं कसं हे दाखवलंत. जाळलंत तर भीती तेवढी मागे उरेल आणि फुलं जातील.

नवव्या दिवशी तुम्ही दह्याचं भांडं घेऊन आलात, जसं काही झालंच नव्हतं. आपण तो विषय पुन्हा काढला नाही. त्यानंतर फुलकारी व्हरांड्यात आली नाही. तुम्ही ती आत खोलीत ठेवली होती. मी समजले की तुम्ही तुमच्या मनासारखंच करणार.

त्या सकाळी मिंदर भाभी मला बोलवायला आल्या तेव्हा त्यांनी माझं दार वाजवलं, इतक्या त्या भांबावल्या होत्या. तुम्ही झोपेतच गेला होतात. तुम्हाला आंघोळ घातली, नवे कपडे घातले. मग तुमचा मुलगा म्हणाला, "बीजी की फुलकारी लाओ. उन्होंने कहा था." भाभी आत गेल्या. मी तुमच्या पायाशी उभी होते. मनात म्हणत होते, बोल, आता बोल. कोपर मारायला कुणी नव्हतं. मी बोलले नाही.

भाभींनी फुलकारी उलगडली आणि थांबल्या. जीतोच्या कोपऱ्यात अर्धं फूल होतं. तुमच्या हातचं नव्हतं. टाके मोठे, एका जागी धागा चुकून मोजलेला. आणि त्या अर्ध्या फुलात सुई टोचलेली होती, नारिंगी धाग्यासकट.

भाभींनी सुई काढायला हात पुढे केला.

"मत निकालना," सिम्मी म्हणाली. ती दारात उभी होती, डोळे सुजलेले, पण आवाज सरळ. "बीजी ने बोला था सुई यहीं रहने दे. इम्तहान के बाद करना."

तुमच्या मुलाने ते बघितलं. हॉलमध्ये तोही होता. त्याने ते कापड आईच्या अंगावर नेलं नाही. स्वतः घडी घातली, सुई वर राहील अशी, आणि सिम्मीच्या हातात दिली. मग भाभी तुमच्या पलंगावरची गोधडी घेऊन आल्या. सिम्मीला उंचीला पुरेनाशी झाल्यावर तीच तुम्ही पांघरत होतात. ती तुमच्यावर घातली. म्हणजे माझ्या आईचं लुगडं तुमच्याबरोबर गेलं, बीजी. मला त्याचं अजिबात वाईट वाटलं नाही.

तुम्ही माझं म्हणणं मान्य केलंत आणि मला सांगितलं नाहीत. दहा वर्षांत एकदाही तुम्ही हरल्याचं कबूल केलं नव्हतंत, तेव्हा आता तरी कशाला करणार होतात. आत खोलीत बसून, गपचूप, नातीच्या हातात सुई दिलीत. मला राग आला पाहिजे, पण मला तुमचा इतका अभिमान वाटतो आहे की या वहीत कसा मावेल कळत नाही.

आज गुरुवार आहे. म्हाताऱ्या येतील का, मला माहीत नव्हतं. सकाळपासून मी खिडकीतून तुमच्या व्हरांड्याकडे बघते आहे. भाभींनी सतरंजी घातली आहे.

आता लिहिता लिहिता दार वाजतं आहे. हाक नाही, नाव नाही. मुठीने, धडाधड, अगदी शेजारचे दचकतील असं. "मराठन आंटी, खोलो न! इम्तहान खतम हो गए."

तुमच्या घरातलं मूल माझं दार ठोकतं आहे, बीजी. उघडायला जाते. पेन वहीतच ठेवते आहे.